वही किती पानांची घ्यावी? मोठा डिस्क-संच फॉरमॅट करण्यापूर्वी



आजचा विषय वाचून दोघा-तिघांनी विचारलं, की जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने डिस्क फॉरमॅट करण्यावर का बोलावं? कारण साधं आहे. निवृत्तीनंतर आम्ही काही मित्र उधवा आणि आसपासच्या पाड्यांवरची लग्नगीतं, तारप्याचं वादन आणि वारली चित्रांची छायाचित्रं जमवतो आहोत. त्यासाठी आता १२ डिस्कांचा एक संच घेतला आहे. प्रत्येक डिस्क ८ टेराबाइटची. संच अजून कोरा आहे. तो फॉरमॅट करताना पडद्यावर जे प्रश्न येतात त्यांना आपण सवयीने 'हो, हो, पुढे' असं उत्तर देतो. एकदा आम्हीही तसंच केलं होतं. त्याची किंमत काय पडली ते पुढे सांगतोच. त्या अनुभवातून जे शिकलो तेवढंच आज मांडायचं आहे.

फॉरमॅट म्हणजे नेमकं काय?

फॉरमॅट म्हणजे पुसणं, असा सर्वसाधारण समज आहे. पुसणं हा त्याचा दुय्यम परिणाम झाला. मुख्य काम आहे मोजणीचं. या भागात जमिनीची मोजणी, गट नंबर, सातबारा हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. वनपट्ट्यासाठी ज्यांनी वर्षानुवर्षं खेटे घातले त्यांना तर ठाऊकच आहे, की जमीन असणं वेगळं आणि तिची नोंद असणं वेगळं. डिस्कवरही अगदी तसंच असतं.

कोरी डिस्क म्हणजे मोकळं रान. फॉरमॅट करताना संगणक तिचे छोटे सारखे तुकडे पाडतो, त्यांना ब्लॉक म्हणतात. एक ब्लॉक साधारण ४ किलोबाइटचा. मग तो एक नोंदवही तयार करतो. या वहीतल्या प्रत्येक पानाला आयनोड म्हणतात. एका फाइलला एक पान. फाइल कोणाची, केवढी, कधी बदलली, तिचे तुकडे कोणत्या ब्लॉकांत आहेत, हे सगळं त्या पानावर असतं. नसतं ते फक्त नाव! नाव वेगळ्या यादीत असतं, ज्याला आपण फोल्डर म्हणतो. म्हणून एकाच फाइलला दोन नावं असू शकतात आणि नाव बदललं तरी वस्तू तीच राहते. नाम आणि वस्तू यांचा हा भेद आम्ही वर्गात तास-तास शिकवला. संगणकवाल्यांनी तो न बोलता अमलात आणला.

आता मुद्द्याची गोष्ट. लिनक्सवर फार वापरल्या जाणाऱ्या ईएक्सटी-४ या फाइल-व्यवस्थेत या वहीची पानं फॉरमॅटच्या वेळीच मोजून बांधली जातात. नंतर पान जोडता येत नाही. पूर्ण संच मोठा केला तरच त्या प्रमाणात वही वाढते. म्हणजे रान मोकळं पडलेलं आहे, पण वहीत पान उरलेलं नाही, अशी अवस्था येऊ शकते. मग नवी फाइल होत नाही. आणि संगणक जो संदेश देतो तो असा, की 'डिस्कवर जागा शिल्लक नाही'. हा संदेश दिशाभूल करणारा आहे, कारण जागा भरपूर असते.

आमची चूक

पहिला संच १६ टेराबाइटचा होता. फॉरमॅट करताना आम्ही हिशेब केला: आमच्या फाइली मोठ्या आहेत. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन चॅनेल अशा दर्जाचं ध्वनिमुद्रण तासाला सुमारे २ गिगाबाइट होतं. मोठ्या फाइली, तर पानं कमी लागणार. ईएक्सटी-४मध्ये यासाठी एक तयार पर्याय आहे: दर ४ मेगाबाइट जागेमागे एकच पान. आम्ही तो निवडला. वहीत सुमारे ३८ लाख पानं झाली. ध्वनिमुद्रणं तर काही हजारच होती. आपण फार दूरदृष्टीने वागलो असं वाटलं.

दीड वर्षाने चित्रांची पाळी आली. एका मोठ्या वारली चित्राचं छायाचित्र उभं-आडवं २०,००० पिक्सेलचं होतं. ते पडद्यावर जवळ आणून बघता यावं म्हणून सॉफ्टवेअर त्याच्या २५६ पिक्सेलच्या चौकोनी फरश्या पाडतं. लहान-मोठ्या सगळ्या पातळ्या धरल्या तर एका चित्रामागे आठ हजारांवर फाइली होतात. साडेचारशे चित्रं झाली आणि वही भरली. या सगळ्या फरश्यांनी मिळून १०० गिगाबाइटसुद्धा जागा घेतली नव्हती.

त्याच आठवड्यात एका पाड्यावर लग्न होतं. तिथल्या वयोवृद्ध धवलेरीने चौकापुढे बसून गायलेली गाणी आम्ही मुद्रित केली. रात्री कार्ड संगणकाला लावलं. प्रत आपोआप होत असे. सकाळी पाहिलं, संच ३० टक्केच भरलेला दिसला, म्हणून आम्ही निर्धास्त झालो. पुढच्या कामासाठी कार्ड फॉरमॅट केलं. प्रत झालीच नव्हती. तो संदेश एका नोंदीच्या फाइलीत पडून होता, आणि ती फाइल कोणी वाचत नव्हतं. पावसाळ्यात त्या आजी गेल्या. त्यांच्या मुलीला काही गाणी येतात. सगळी येत नाहीत, असं ती स्वतःच सांगते.

दोष संगणकाचा नव्हता, दुकानदाराचाही नव्हता. आमचा होता. आणि आम्ही वाचवलं किती? नेहमीची वही घेतली असती तर तिने सुमारे १२५ गिगाबाइट खाल्ले असते. १६ टेराबाइटमध्ये हे पाऊण टक्का होतात.

आधी सामान बघा

तर्कशास्त्रात आम्ही सांगत असू, की उदाहरण एकच असेल तर व्याप्ती ठरत नाही. म्हणून तीन उदाहरणं घेऊ, तिन्ही आपल्याच महाराष्ट्रातली.

पहिलं, जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदचं जीएमआरटी. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. दर दोन तबकड्यांच्या संकेतांची जोडी लावायची, म्हणजे ४३५ जोड्या. प्रत्येक जोडीचे अनेक फ्रिक्वेन्सी चॅनेल, आणि दर काही सेकंदांनी नवी नोंद. रात्रभराच्या एका निरीक्षणाची फाइल कित्येक गिगाबाइटची होते. इथे फाइली थोड्या आणि अजस्र. मोठा लेखनवेग महत्त्वाचा, वहीची पानं कमी चालतात.

दुसरं, जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांच्या पुढाकाराने खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या उतरवून घेतल्या गेल्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या काहींचं ध्वनिमुद्रण केलं. आज हा ठेवा 'पारी'च्या संकेतस्थळावर आहे. समजा प्रत्येक ओवीची एक मजकूर-फाइल केली. ओवी दोन-चार ओळींची, म्हणजे काहीशे बाइट. पण ब्लॉक ४ किलोबाइटचा, तो पूर्ण अडणार. एक मूठ नाचणीसाठी एक कणगी! लाख ओव्यांना ४०० मेगाबाइट लागतील, हे आज काहीच नाही. पण पानं मात्र लाख लागतील. इथे आकार क्षुल्लक, संख्या महत्त्वाची.

तिसरं उदाहरण आपल्या पायाखालचं. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे लहान-मोठे धक्के बसत राहिले. लोकांनी थंडीत घराबाहेर रात्री काढल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने इथे भूकंपमापक बसवले. असं यंत्र अखंड लिहीत असतं. सेकंदाला १०० नमुने, तीन दिशा, प्रत्येक नमुना ४ बाइट असं धरलं, तर एका केंद्राचा दिवसाचा कच्चा मजकूर सुमारे १०४ मेगाबाइट होतो. तो दिवसाला एक फाइल असा ठेवायचा, की तासाला एक, की प्रत्येक धक्क्याची वेगळी? मजकूर तोच, पण वहीची गरज शंभरपटीने बदलते.

या तिसऱ्या उदाहरणाने आमचे डोळे उघडले. 'आमच्या फाइली मोठ्या आहेत' हे विधान सामानाबद्दल नसतं, ते आपल्या आजच्या मांडणीबद्दल असतं. मांडणी बदलते. फॉरमॅट बदलत नाही. म्हणून पर्याय निवडताना आजचं सामान मोजावं, आणि उद्या त्याच्यावर कोणती कामं होतील तेही विचारावं: लघुप्रतिमा, लिप्यंतरं, भाषांतरं, पडताळणीच्या फाइली.

काय बदलता येतं, काय नाही

आता पर्यायांकडे येऊ. पर्याय पाच-पन्नास आहेत. त्यांच्यापुढे एकच प्रश्न विचारावा: हे नंतर बदलता येईल का? येत असेल तर त्यावर रात्र जागवू नये.

राखीव जागा घ्या. ईएक्सटी-४ न विचारता ५ टक्के जागा राखून ठेवतं. ८० टेराबाइटवर हे ४ टेराबाइट झाले! पण घाबरायचं कारण नाही; संच भरलेला असतानाही एका आज्ञेने ते प्रमाण कमी करता येतं. नुसत्या साठ्यासाठी १ टक्काही पुरतो.

ब्लॉकचा आकार मात्र नंतर बदलत नाही. पण इथे निवडीला फारसा वावही नाही. नेहमीच्या संगणकांवर लिनक्समध्ये बरीच वर्षं ४ किलोबाइट हीच व्यवहारातली मर्यादा राहिली आहे. तेच ठेवावं.

वहीची पानं, हे आपण पाहिलंच. १६ टेराबाइटच्या पुढे ईएक्सटी-४ची साधनं स्वतःहून दर ६४ किलोबाइटमागे एक पान धरतात. ८० टेराबाइटवर सुमारे १२२ कोटी पानं होतात, आणि प्रत्येक पान २५६ बाइटचं धरलं तर वही ३१२ गिगाबाइट घेते. दर ४ मेगाबाइटमागे एक पान केलं, तर सुमारे १ कोटी ९० लाख पानं आणि ५ गिगाबाइट. वाचलेली जागा ०.४ टक्क्यांहून कमी. मधला पर्याय १ मेगाबाइटचा: सुमारे ७ कोटी ६३ लाख पानं, २० गिगाबाइट. काटकसर कुठे करावी आणि कुठे करू नये, हे या आकड्यांवरून दिसतं.

पुढचा मुद्दा पट्ट्यांचा. अनेक डिस्कांच्या रेड संचात मजकूर पट्ट्यापट्ट्यांनी वाटला जातो. रेड-६मध्ये दोन डिस्का बंद पडल्या तरी मजकूर वाचतो. ८ टेराबाइटची बदली डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइटच्या वेगाने पुन्हा भरायला पंधरा तास लागतात. तेवढ्यात दुसरी गेली तर काय, म्हणून रेड-६. आमच्या १२ डिस्कांतल्या १० मजकुराच्या आणि २ डिस्कांइतकी जागा पडताळणीची. प्रत्येक डिस्कवरचा तुकडा ५१२ किलोबाइट असेल तर पूर्ण पट्टा ५,१२० किलोबाइटचा. लेखन पूर्ण पट्ट्याचं झालं तर सरळ होतं. अर्धवट झालं तर आधी जुना मजकूर वाचायचा, पडताळणी पुन्हा मांडायची, मग लिहायचं. म्हणून फाइल-व्यवस्थेला पट्टा सांगावा लागतो. ईएक्सटी-४मध्ये तुकडा ब्लॉकांत मोजतात: ५१२ भागिले ४, म्हणजे १२८, आणि पट्टा १२८ गुणिले १०, म्हणजे १,२८०. इथे १०च्या जागी १२ लिहिणं ही हमखास होणारी चूक आहे. पडताळणीच्या डिस्का मोजायच्या नाहीत. लिनक्सच्या स्वतःच्या रेडवर हे आकडे साधन आपणहून ओळखतं. वेगळं रेड-कार्ड असेल तर ते बहुधा काही सांगत नाही. तेव्हा कार्डाच्या सेटिंगमध्ये तुकडा किती आहे तो वाचून घ्यावा.

आम्ही काय ठरवलं

आम्ही या वेळी एक्सएफएस घेणार आहोत. १९९०च्या दशकात सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने ती मोठ्या फाइलींसाठी रचली. २०१४ला आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ने तिला मूळ निवड केलं. आम्हाला तिचा मुख्य गुण हा, की वहीची पानं आधी बांधलेली नसतात. लागतील तशी काढली जातात. वहीने जास्तीत जास्त किती टक्के जागा घ्यावी याची मर्यादा असते, आणि ती नंतर वाढवता येते. उणीव अशी, की ही व्यवस्था मोठी करता येते, लहान करणं व्यवहारात जमत नाही. आमचा संग्रह लहान होणार नाही, तेव्हा चालेल.

तुकडा ५१२ किलोबाइट आणि मजकुराच्या डिस्का १०, हे सांगून फॉरमॅट केलं की एक्सएफएस एक सूचना दाखवेल, की लॉगसाठी हा तुकडा फार मोठा आहे, म्हणून तो ३२ किलोबाइट केला. ही चूक नाही. तिला तिचं काम करू द्यावं.

मग झेडएफएस का नको? ती मजकुराच्या प्रत्येक तुकड्याची बेरीज ठेवते आणि वाचताना पडताळते. एक्सएफएस आणि ईएक्सटी-४ आपल्या नोंदी तेवढ्या पडताळतात, फाइलीतला मजकूर नाही. हा मोठा फरक आहे आणि आम्ही तो मान्य करतो. पण झेडएफएसला डिस्का थेट हातात लागतात, आमचं रेड-कार्ड त्या झाकून ठेवतं. आणि ती लिनक्सच्या गाभ्याचा भाग नसल्यामुळे प्रत्येक अद्ययावतीकरणात तिच्याकडे लक्ष द्यावं लागतं. इथे संच सांभाळणारा मुलगा एकच आहे, त्याला एक्सएफएस येतं. विहिरीचा पंप घेताना आपण मिस्त्री कोण आहे ते बघतो, तसंच हे. मजकुराची पडताळणी आम्ही वेगळ्या यादीने करू: प्रत्येक फाइलची बेरीज, आणि दर तीन महिन्यांनी पूर्ण तपासणी.

आणि एक. पानांची चिंता नसली तरी चित्रांच्या फरश्या आता सुट्या ठेवणार नाही. एका चित्राच्या सगळ्या फरश्या एकाच गठ्ठ्यात. कारण दुरुस्तीची वेळ आली की संगणकाला वहीची पानं तपासावी लागतात. कोट्यवधी पानं असतील तर त्या तपासणीला वेळही लागतो आणि मेमरीही. वही वाढवता येते म्हणून ती भरू नये.

प्रश्नोत्तरं

एका ताईंनी विचारलं, "सर, पावसाळ्यात इथे वीज सारखी जाते. फॉरमॅटमध्ये त्याचा काही उपाय आहे का?"

अर्धा आहे. या व्यवस्था बदल करण्याआधी तो एका रोजनाम्यात टिपून ठेवतात, त्यामुळे वीज गेली तरी वही फाटत नाही. पण ज्या क्षणी वीज गेली त्या क्षणी लिहिलं जात असलेलं गाणं वाचेलच असं नाही. त्यासाठी यूपीएस हवा, आणि रेड-कार्डाच्या तात्पुरत्या स्मृतीला बॅटरी हवी. वेग वाढतो म्हणून हे संरक्षण बंद करायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका.

दुसरा प्रश्न मागच्या बाकावरून आला. "भूकंपात खोलीच पडली तर?"

तर कोणतीही फाइल-व्यवस्था कामाची नाही. रेड ही प्रत नव्हे. बारा डिस्का एकाच कपाटात असतात. कपाट पडलं की बाराही पडतात. म्हणून दुसरी प्रत उधव्याबाहेर राहील, आणि तिसरी गाणाऱ्यांच्या घरी, पेनड्राइव्हवर. ही तिसरी आम्हाला पहिल्यांदा सुचायला हवी होती. गाणी त्यांची आहेत.

जाता जाता आमच्या पुढच्या महिन्याचा कार्यक्रम सांगतो. संच फॉरमॅट करायचा. त्यावर जुन्या संग्रहाची प्रत टाकायची, लाखभर छोट्या फाइली मुद्दाम करून पाहायच्या, एक डिस्क काढून पुन्हा भरून पाहायची. मन भरलं नाही तर पुन्हा फॉरमॅट करायचा. हा स्वस्त प्रयोग फक्त संच रिकामा असतानाच करता येतो. आणि रोज सकाळी दोन आकडे बघायचे: जागा किती उरली, पानं किती उरली. प्रत झाली का, हे फाइल उघडून, दोन ओळी ऐकून ठरवायचं. तोवर कार्ड पुसायचं नाही. त्या आजींच्या मुलीकडे पुढच्या आठवड्यात जाणार आहोत, तिला येतात तेवढी गाणी घ्यायला.